चार-अठ्ठ्याऐंशी की पाच-अडतीस

दादा, दहाव्याला माइकवर तुझ्याबद्दल जे सांगायचं ते सगळं सांगून झालंय. तू कुठे शिकलास, कंपनीतली नोकरी सुटल्यावर दुधाची गाडी कशी सुरू केलीस, सगळं. एका पुढाऱ्यानं तर तुला 'मनमिळाऊ आणि कुणाशी कधी वाद न घालणारं व्यक्तिमत्त्व' म्हटलं. मी बायकांमध्ये बसले होते. वाटलं, उठावं आणि त्याच्या हातातला माइक काढून घ्यावा. वाद न घालणारं म्हणे. गेलं वर्षभर तू माझ्याशी एका गिअरवरून भांडत होतास, आणि भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेलास. ते मला पुरं करायचंय, म्हणून हे लिहितेय. बाकी तुझी थोरवी सांगायला माणसं पुष्कळ आहेत.

तुला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी गोरखभाऊंचा फोन. चऱ्होलीच्या रस्त्याला ज्यांचं गॅरेज आहे ते तुझे गोरखभाऊ, तुझ्या पिकअपला दुसऱ्या कुणाचा हात लावू न देणारे. बिचारे अडखळत बोलले. "ताई, ही काय विचारायची वेळ नाही. पण गाडी लोखंडी स्टँडवर चढवलेली आहे, पुढचं-मागचं दोन्ही उघडून ठेवलंय, आत धूळ जाती. अंकुशनं सांगितलं होतं पाच-अडतीस मागवा. मग म्हणाला थांबा, सुरीला विचारून सांगतो. ते काही सांगितलंच नाही त्यानं. आता तुम्हीच सांगा. चार-अठ्ठ्याऐंशी मागवू की पाच-अडतीस?"

घरात सुतक, जेवण शेजारून आलेलं, वहिनी भिंतीला टेकून नुसती बसलेली, आणि मी अंगणात उभी राहून क्राउन-पिनियनचं बोलतेय. आल्यागेल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, भाऊ, दहावा तर होऊ द्या. आणि फोन ठेवून तुलाच मनातल्या मनात शिव्या घातल्या. आई चिडली की तुला 'मेल्या' म्हणायची, मीही तिचंच ऐकून म्हणायचे. आता तेवढा शब्दसुद्धा माझ्याकडे ठेवला नाहीस.

तुला माहीतच आहे, पण हे आणखी कुणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, त्यात एक मोठं दातेरी चाक असतं, क्राउन, आणि त्याला फिरवणारं एक छोटं, पिनियन. पिनियन किती वेळा फिरलं म्हणजे क्राउन एकदा फिरतं, तो त्या गाडीचा रेशो. आकडा मोठा असला की गाडी ओढायला दमदार पण पळायला हळू, लहान असला की पळणारी पण चढाला नाजूक. फोर-बाय-फोर, म्हणजे चारी चाकं ओढणाऱ्या गाडीत तशीच एक जोडी पुढेही असते आणि दोन्हीकडे एकच आकडा लागतो, नाहीतर पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांना ओढत बसतात. मी चाकणला गिअर बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दातच तपासते. त्यामुळे गावात कुणाची गाडी कुरकुरली तरी मला विचारतात आणि मी सांगेन तसं करतात. एक तू सोडून. तू विचारायचास, मान डोलवायचास, आणि मग तुला हवं तेच बोलायचास.

सगळं सुरू झालं ते वरच्या वाडीच्या वाटेपासून. बाकीचे दूधवाले ओढ्याच्या अलीकडे थांबायचे आणि वाडीची माणसं कॅन डोक्यावर घेऊन खाली यायची. तू म्हणालास, मी वर जाणार. गेलास, आणि ओढ्यातल्या धोंड्यावर गाडी बसवलीस. चारी चाकं जागच्या जागी फिरतायत, कॅन एकमेकांवर आदळतायत, लोणी निघायचं तेवढं बाकी राहिलं होतं. मग तू खालचे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी उंच करून घेतलीस आणि अठ्ठावीस इंची चाकांच्या जागी तेहतीस इंची चढवलीस. तेव्हा मला विचारलं नाहीस. गाडी घेऊन थेट थेरगावला माझ्या सोसायटीच्या दारात आलास, हॉर्न वाजवत. वॉचमन वर येऊन म्हणाला, मॅडम, तुमच्याकडे रणगाडा आलाय. वहिनी शेजारच्या सीटवर पदर सावरून बसली होती, तिला उतरवायला मला हात द्यावा लागला. तू मात्र गाडीभोवती असा फिरत होतास की जणू नवी नवरी घरात आणलीय.

थोड्याच दिवसांत रडगाणं सुरू. "सुरे, गाडीत जीवच न्हाई राहिला गं. चढाला दुसरा टाकला की दम सोडती." मी म्हटलं, सोडणारच. मोठं टायर म्हणजे मोठं पाऊल. एका फेऱ्यात जास्त अंतर कापायचं तर इंजिनाला जास्त जोर लागणार. क्राउन-पिनियन बदल आणि मोकळा हो. आधीचा रेशो किती आहे तेवढा बघून सांग, बाकीचं गणित मी करते.

एवढं साधं काम. गोरखभाऊंना विचारलं असतंस तर त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण नाही. तू घरीच एक चाक जॅकवर उचललंस, टायरवर खडूची खूण, खालच्या शाफ्टवर खडूची खूण, आणि चाक हातानं एकदा फिरवून शाफ्टचे फेरे मोजलेस. मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होते, तोंडात घास होता. तू फोनवर म्हणालास, "सुरे, आपल्या गाडीचा रेशो दोनाच्या जरासा वर हाय." मला हसता हसता ठसका लागला, शेजारणीनं पाठीत धपाटे घातले. अरे, एवढी जड गाडी त्या रेशोवर जागची तरी हलेल का? दुसरं चाक जमिनीला टेकलेलं असताना एकच फिरवलं की माप अर्धंच येतं. अशा वेळी चाकाला दोन फेरे द्यायचे.

मग म्हणालास, "म्हंजे एक चाक धरून ठेवलं तर दुसऱ्याला डबल फिरावं लागतं व्हय?"

"हो."

"मग आपल्या घरासारखंच झालं की," असं म्हणून तू हसलास. मला वाटलं, नेहमीसारखा काहीतरी बडबडतोयस.

खरा आकडा निघाला चार-तीस. चार-तीसला तेहतीसनं गुणायचं आणि अठ्ठावीसनं भागायचं, म्हणजे मोठे टायर घालूनही गाडी पहिल्यासारखी ओढेल. उत्तर येतं पाच आणि वर शून्य-सात. तो रेशो बाजारात मिळत नाही. तुझ्या गाडीला बसणाऱ्या दोनच जोड्या मिळतात, एक चार-अठ्ठ्याऐंशी आणि एक पाच-अडतीस. आता पाच-शून्य-सातला जवळचं कोण? दुसरीतलं पोरगंसुद्धा सांगेल. मी सांगितलं, चार-अठ्ठ्याऐंशी घे. तू म्हणालास, "तुझं बरोबर हाय. पण पाच-अडतीसच."

का, विचारलं. तू म्हणालास, टायर जड आहेत, पुढे लोखंडी बंपर आहे, मागे भरलेले कॅन. मी म्हटलं, तेवढ्यासाठी तुझ्या गाडीत चारी चाकांना जादा जोर देणारी वेगळी लिव्हर दिलीय. वाडीच्या चढाला लो-फोर टाक, भिंतीवरसुद्धा चढेल. तू म्हणालास, हां, ते हाय. दुसऱ्या दिवशी नवीन कारण. "तळेगाव चौकात ऐंशीनं कोन जातंय? तिथं जल्म पहिल्यातच जातोय." मी म्हटलं, चौकापुढे रस्ता मोकळा असतो, तिथे पाच-अडतीसवर तुझं इंजिन कोकलेल, डिझेल पिईल. "कोकलू दे," तू म्हणालास. मग एकदा म्हणालास, पाच, तीन आणि आठची बेरीज सोळा, एक आणि सहा सात, सात आकडा आपल्याला लाभतो. मी हात जोडले. फोनवर दिसले नसतील, पण जोडले होते. गिअर निवडायला आता पंचांग बघायचं का, असंही विचारलं. तू नुसता हसलास, आणि शेवटी तेच: "तुझं सगळं बरोबर हाय सुरे. पण पाच-अडतीसच."

मला सगळ्यात जास्त चीड कशाची यायची सांगू? तू माझं एकही म्हणणं खोडलं नाहीस. माणूस भांडला तर त्याला हरवता येतं. तू प्रत्येक वेळी हरायचास आणि उठून परत तिथेच येऊन बसायचास.

आणि गाडी तुझी होती. तुला पाच-अडतीस घालायचं होतं तर घालायचं होतंस. मी काय चाकापुढे आडवी पडले होते? त्या शेवटच्या फोनवर हेच म्हटलं तुला. मी आकुर्डी स्टेशनच्या बाहेर बसची वाट बघत उभी होते, आजूबाजूला कॉलेजची पोरं, मी ओरडून बोलतेय. "घालून टाक ना बाबा एकदाचं. मला कशाला विचारतोस?"

"तू हो म्हन, मग घालतो."

"मी हो म्हणणार नाही. ते चूक आहे."

"मग थांबतो," तू म्हणालास. "सुरे, आईक ना, तसं न्हाई, जरा निवांत घरी ये, बोलू आपन." बस आली. मी म्हटलं, ये-बीये काही नाही, आणि फोन ठेवला. म्हणजे आपटलाच. त्यात विशेष काही नव्हतं, आपले सगळे फोन असेच संपायचे आणि चार दिवसांनी परत सुरू व्हायचे. यावेळी तू, तुझी गाडी गॅरेजात अडकली म्हणून, नामदेवाच्या टेम्पोतून कॅन उतरवताना छातीला हात लावून खाली बसलास, आणि पुढचा फोन वहिनीच्या भावाचा आला.

आता दहाव्याचं सांगते, कारण ते माइकवर कुणी सांगितलं नाही. नदीवर पिंड ठेवला. कावळे होते, नव्हते असं नाही. पलीकडच्या बाभळीवर रांगेनं बसले होते आणि आमच्याकडे बघत होते. एकही खाली येईना. मग सुरू झालं नेहमीचं. मामांनी हात जोडून सांगितलं, पोरीचं कॉलेज पुरं करू, काळजी करू नको. तात्यांनी सांगितलं, घराचा वरचा मजला मी उभा राहून बांधून घेतो. आपला एक चुलतभाऊ पुढे येऊन म्हणाला, आजपासून दारूला शिवणार नाही. त्यावर तर कावळ्यांनी माना फिरवल्या. ऊन चढायला लागलं, भटजी घड्याळ बघायला लागले.

तेवढ्यात तात्यांना सुचलं. सख्खा चुलता आपला, पण कधी काय सुचेल नेम नाही. "सुरे, त्याचा जीव गाडीत अडकलाय. फुडं हो. म्हन, दादा, तुझ्या मनासारखा गिअर बसवीन."

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. सगळ्यांना माहीत होतं आपलं भांडण, तू पारावर बसून सांगितलेलं असणार. मी पुढे गेले, हात जोडले, तोंड उघडलं, आणि दादा, मला येईना रे. दिवसभर मी हेच काम करते. माप चुकलं असेल तर साहेब येऊन उभा राहिला तरी ओकेचा शिक्का मारत नाही. तुझ्यापुढे खोटा शिक्का कसा मारू? मी म्हटलं, "दादा, हिशेबानं जो बरोबर असेल तो गिअर बसवीन."

तात्यांनी कपाळावर हात मारला. कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि उरकलं. परत येताना मागून बायका बोलत होत्या, भावापेक्षा हिला आकडा मोठा. डोळ्यात टिपूस नाही बघा, असंही एक जण म्हणाली. ते खरं होतं. मला रडूच येत नव्हतं. तुझा नुसता राग येत होता, आणि रागात रडू कुठून येणार?

इकडे डेअरीवाल्यानं निरोप धाडला, अंकुशचा महिना होईपर्यंत थांबतो, नंतर वाडीची लाइन दुसऱ्याला द्यावी लागेल. त्याचंही बरोबर होतं. नामदेवाचा टेम्पो ओढ्यापर्यंतच जातो, वाडीच्या बायका परत डोक्यावर कॅन घेऊन उतरायला लागल्यात. म्हणजे गाडी लवकर रस्त्यावर आणायची, ड्रायव्हर शोधायचा, आणि त्याआधी तो आकडा ठरवायचा. लाइन गेली तर वहिनीनं आणि पोरीनं खायचं काय? मी वहिनीला म्हटलं, चल माझ्याबरोबर गॅरेजला, गाडी आता तुझी आहे, तुझ्यासमोर ठरवते.

गोरखभाऊंनी आम्हाला खुर्च्या पुसून दिल्या. गाडी स्टँडवर तशीच उभी, चाकं काढून भिंतीला लावलेली. मी कागद-पेन काढून त्यांना परत सगळं गणित सांगितलं, चार-अठ्ठ्याऐंशी कसं जवळ पडतं ते. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ताई, हिशेब पटला. पण चालवणार कोण? माझं निम्मं काम त्यावर ठरतं."

"ड्रायव्हर बघतोय आम्ही," मी म्हटलं.

"मी चालवनार हाय," वहिनी म्हणाली.

मी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीला लावलेल्या त्या टायरांकडे बघत होती.

"तुला येते चालवायला?"

"येती. लायसन बी काढलंय. ह्यांनी शिकवलं."

मग तिनं सांगितलं, थांबत थांबत. चऱ्होलीला नवीन प्लॉटिंग पडलंय, तिथे रस्ते झालेत पण घरं नाहीत, त्या मोकळ्या रस्त्यांवर तू तिला वर्षभर शिकवत होतास. सकाळच्या दुधाला तू, संध्याकाळच्या दुधाला ती, असं तुमचं ठरलं होतं. सपाटीला गाडी तिच्या हातात छान बसली. पण टायर मोठे केल्यापासून डांबरी चढाला एकदा थांबली की तिच्याकडून उचलायची नाही. क्लच सोडला की बंद.

"येकदा चाकणच्या चढालाच बंद पडली," वहिनी म्हणाली. "मागं येवढा मोठा कंटेनर, त्याच्यामागं आनखी. सगळे हॉर्न मारत्यात. तीनदा चालू केली, तीनदा बंद. पाय थरथराया लागला. मी स्टेअरिंग सोडून रडाया लागले, म्हनलं आता माझ्यानं व्हनार न्हाई. तवा हे म्हनले, तू न्हाई चुकत, गाडी चुकती. गाडीलाच तुझ्याजोगी करतो."

गोरखभाऊंनाही यातलं काही माहीत नव्हतं.

"मग मला का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"मीच शपथ घातली हुती त्यांना. ताईला सांगू नका म्हनलं. तुमी हुशार, दातांचं काम करता. हसला असता मला."

दादा, हसले असते मी. नाही म्हणत नाही. पोट धरून हसले असते, आणि हसता हसता त्याच क्षणी पाच-अडतीस लिहून दिलं असतं. एक वाक्य रे. चालवणारी नवी आहे आणि डांबरी चढाला गाडी उचलायचीय, एवढं म्हणाला असतास तरी पुरे होतं, नाव घ्यायचीही गरज नव्हती. लो-फोर डांबरावर टाकता येत नाही, टाकलं तर गाडी आकडते, मग पहिल्या गिअरलाच बारीक पावलाचं करायला हवं. सरळ आहे. तिथे माझा पाच-शून्य-सात चालत नाही, कारण माझं सगळं गणित गाडी पहिल्यासारखी करण्याचं होतं, आणि तुला ती पहिल्यासारखी नकोच होती. तुला वहिनीजोगी हवी होती. हे तू मला न सांगता बंपर सांगितलास, तळेगाव चौक सांगितलास, सोळा आणि सात सांगितलंस. शपथ मोडायची नव्हती तर निदान खोटी कारणं तरी जरा बरी शोधायचीस. वर्षभर मी असल्या फालतू कारणांशी जीव तोडून भांडले.

आणि एवढं करून माझ्या होकारासाठी थांबलास कशाला, ते अजूनही मला कळलेलं नाही. बहिणीनं हो म्हटल्याशिवाय गाडीत दात घालायचा नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? निवांत घरी ये म्हणालास, तेव्हा सांगणार होतास का? की वहिनीकडूनच चहा देता देता वदवून घेणार होतास? वहिनीला विचारलं, ती म्हणते मला माहीत नाही. म्हणजे आता कुणालाच माहीत नाही.

मी गोरखभाऊंना सांगितलं, पाच-अडतीस मागवा, दोन जोड्या, पुढची आणि मागची.

बसवायच्या दिवशी मी सुट्टी टाकून गेले. गोरखभाऊंनी तेलात शेंदूर कालवला, ब्रशनं क्राउनच्या दातांना लावला, आणि वहिनीला चाकाचा हब हातानं फिरवायला सांगितला. दाताला दात कुठे टेकतो ते त्या शेंदरात उमटतं. आमच्याकडे कंपनीत त्यासाठी निळा रंग असतो, पण काम तेच. पहिल्यांदा खूण दाताच्या टोकाला उमटली. मी म्हटलं, चालणार नाही, खोला. गोरखभाऊ काही न बोलता खोलायला बसले, पातळ वॉशर बदलला, परत शेंदूर. दुसऱ्यांदाही जरा वर. मी म्हटलं, खोला. तिसऱ्यांदा खूण दाताच्या बरोबर मधे आली, मागच्याला आणि मग पुढच्यालाही. त्याच्यावर मात्र मी ओके म्हटलं. नदीवर जे बोलता आलं नाही ते तिथे बोलले असं समज.

गाडी घेऊन निघालो. वहिनी चालवत होती, मी शेजारी. त्या सीटवर चढायला आता तिला माझा हात लागला नाही, दांडा धरून एका झटक्यात वर. चाकणच्या चढाला रांग लागलेली होतीच, नसायला काय झालंय. आम्ही थांबलो. मागे कंटेनर येऊन टेकला, आरशात नुसतं त्याचं तोंड दिसत होतं. पुढची गाडी हलली, मागच्यानं हॉर्न मारला. वहिनीनं ब्रेकवरचा पाय उचलला, क्लच हळूच सोडला, आणि गाडी चालायला लागली. ओढाताण नाही, गचका नाही, माणूस उठून चालायला लागावा तशी. पुढे परत थांबलो, परत उचलली. सबंध चढ तिनं असाच काढला. माथ्यावर आल्यावर तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, डेअरीवाल्याला फोन लावा ताई, उद्यापास्नं गाडी येती म्हनावं. मी लावला.

तळेगाव चौक सुटल्यावर रस्ता मोकळा झाला. वहिनीनं पाचवा टाकला, आणि मी सांगितलं होतं तसंच झालं. इंजिन कोकलायला लागलं. काच वर केली तरी तेच. बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

"ताई," वहिनी ओरडली, "लई वरडतंय वो. असंच असतं का?"

"असंच असतं. मी दादाला सांगितलं होतं."

"तुमचं ते दुसरं घातलं असतं तर कमी वरडलं असतं?"

"हो."

"म्हंजे तुमचंच बरोबर व्हतं की."

"माझंच बरोबर होतं," मी म्हटलं. "पण पाच-अडतीसच."

तुझं वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मला रडू फुटलं. दहाव्याला आलं नव्हतं, तुला नेताना आलं नव्हतं, ते सगळं एकदम आलं. मी तोंडाला पदर लावला, तरी हुंदके आवरेनात, मोठ्यानं रडत होते मी. इंजिन एवढं ओरडत होतं की वहिनीला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. ती समोर बघून चालवत राहिली. तेवढ्यापुरता, दादा, तुझा आकडा मलाही लागू पडला.